मामूंचे विमान

(दोन विमानतळांमधील अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा, हे या पाठातून समजून घ्या.)

सलमा वैभववाडीला राहते. ती नववीत शिकते. ही गोष्ट २०२१ सालची आहे. त्या वर्षी ९ ऑक्टोबरला चिपी येथे सिंधुदुर्ग विमानतळ सुरू झाला. मुंबईहून विमान येऊ लागले.

थोड्याच दिवसांत सलमाच्या नानीच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले. कणकवलीच्या दवाखान्यात दुपारी चारची वेळ मिळाली. नानी म्हणाली, "माझा मुलगा आल्याशिवाय मी आत जाणार नाही."

मामू मुंबईत राहत. त्यांना रेल्वेचे आरक्षण मिळाले नाही, म्हणून त्यांनी विमानाचे तिकीट काढले. विमान सकाळी साडेअकराच्या सुमारास सुटणार होते.

सलमाने नकाशा उघडला. मुंबई १९.१ अंश उत्तर अक्षांशावर आणि चिपी १६ अंशांवर. फरक ३.१ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणून दक्षिणेकडे ३४४ किलोमीटर झाले. रेखांशांतील फरक ०.६ अंश. आपल्या भागात रेखांशाचा एक अंश सुमारे १०६ किलोमीटर भरतो. म्हणून पूर्वेकडे ६४ किलोमीटर झाले. मग तिने काटकोन त्रिकोण काढला आणि पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण काढला. उत्तर आले सुमारे ३५० किलोमीटर.

"अब्बा, हे पंख्यांचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर जाते. ३५० भागिले ५०० म्हणजे ०.७ तास, म्हणजेच ४२ मिनिटे! मामू सव्वाबाराला उतरतील. ते आधी घरी येतील, मग आपण सगळे मिळून कणकवलीला जाऊ."

अब्बा हसले. "तुझे गणित बरोबर आहे, बेटी, पण ते अर्धेच आहे. विमान जागेवरून निघून धावपट्टीपर्यंत हळूहळू जाते. वर चढताना आणि खाली उतरताना त्याचा वेग कमी असतो. ते नेहमी सरळ रेषेतही जात नाही. तिकिटावर उतरण्याची वेळ पाहा."

तिकिटावर एक वाजता अशी वेळ होती.

सलमाने पुन्हा हिशेब मांडला. सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. चिपीहून कणकवलीला मोटारीने सुमारे दीड तास. म्हणजे तीन वाजले. वैभववाडी तर कणकवलीच्याही पुढे, आणखी एक तासावर!

"अब्बा, मामू घरी आले तर इथेच चार वाजतील!" ती घाबरून म्हणाली.

"म्हणून त्यांना सरळ कणकवलीला यायला सांगू. आपण नानीला घेऊन तिकडेच जाऊ."

दुसऱ्या दिवशी तीन वाजून दहा मिनिटांनी मामू दवाखान्यात पोहोचले. नानीने त्यांचा हात धरला आणि ती म्हणाली, "आता चला."

शब्दार्थ
अंतर – फासला
वेग – रफ्तार
धावपट्टी – विमान धावण्याचा लांब रस्ता
आरक्षण – आधी राखून ठेवलेली जागा
हिशेब मांडणे – हिसाब करणे

स्वाध्याय
१. सलमाच्या पहिल्या हिशेबात कोणता वेळ धरायचा राहिला होता?
२. मामूंनी सरळ कणकवलीला जावे, असे अब्बांनी का ठरवले?
३. पुणे ते नागपूर हवाई अंतर सुमारे ६०० किलोमीटर आहे. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरून वेळ काढा. प्रत्यक्षात जास्त वेळ का लागेल, ते लिहा.