छातीत दुखले, तर थांबा!

मुलांनो, धावणे हा उत्तम व्यायाम आहे. पण धावताना छातीत दुखू लागले, तर लगेच थांबा. धावताना हृदयाला जास्त रक्त लागते. हृदयाची रक्तवाहिनी अरुंद असेल, तर ते पुरत नाही आणि छातीत दुखते. विश्रांती घेतली, की दुखणे थांबते. म्हणून आपण ते विसरतो.

रोज धावणाऱ्यालाही असे होऊ शकते. अमेरिकेतील जिम फिक्स यांचे धावण्यावरील पुस्तक १९७७ साली फार गाजले. १९८४ साली धावायला गेले असताना त्यांचे निधन झाले. ते ५२ वर्षांचे होते. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या.

तुमच्या वयात असे दुखणे बहुधा स्नायूंचे असते; पण ते डॉक्टरांनी ठरवावे. शर्यत पुन्हा होईल. दुखणे लपवू नका. घरी आणि शिक्षकांना सांगा.