काडतुसाची लांबी

आमचं घर सावर्ड्यात, मुंबई-गोवा महामार्ग सोडून आत डोंगराकडे गेलं की लागणाऱ्या वाडीत. खाली भातखाचरं, वरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि कुळीथ, मागच्या उतारावर काजू. आजोबांच्या काळापासून घरात बर्मिंगहॅमची एकनळी बारा बोअर बंदूक आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून माझ्याकडे आला. बार काढायची वेळ वर्षातून चार-पाचदा येते, पण काडतुसांची ओढ मला बारमाही. त्यातही मॅग्नम काडतुसावर माझा फार जीव. त्या ओढीपायी जे शिकलो ते इथे मांडतो.

1. बंदूक हातात आली की माणूस नळी बघतो, दस्ता बघतो, घोडा ओढून बघतो. आधी बघायचं ते काडतूस.

एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी जिच्यात नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. वडिलांनी हे मला ओटीवर बसून शिशाचा तुकडा हातात देऊन सांगितलं होतं. एल.जी., एस.जी., चार नंबर ही नावं छऱ्यांच्या आकारावरून पडली, हेही तेव्हाच कळलं. काडतुसाच्या लांबीबद्दल मात्र ते कधी बोलले नाहीत. त्यांच्या हयातीत आमच्या घरी एकाच लांबीची काडतुसं येत, त्यामुळे तो विषयच निघाला नाही.

2. ताकदीची चव एकदा घेतली की ती विसरत नाही, म्हणून ती जाणत्याच्या शेजारी उभं राहून घ्यावी.

2011 च्या डिसेंबरात मी चुलतभावाकडे ह्यूस्टनला गेलो होतो. तिकडे त्याच्याकडे 357 मॅग्नमचं सहा बारांचं रिव्हॉल्व्हर आहे. रेंजवर त्याने माझ्या कानांवर संरक्षक चढवले, डोळ्यांना चष्मा लावला आणि म्हणाला, ‘‘दादा, आधी ही छोटी.’’ पहिली सहा काडतुसं 38 स्पेशलची होती. हाताला बेताचा झटका बसला, पुठ्ठ्यावर भोकं पडली. मग त्याच चक्रीत त्याने मॅग्नम भरली. पहिल्याच बाराला नळीच्या तोंडाशी हातभर ज्वाळा दिसली आणि दणका छातीत जाणवला. पुढचे पाच बार मी मोजत मोजत, एकेकाची वाट बघत काढले. त्या संध्याकाळी जेवतानाही माझा तळवा झिणझिणत होता आणि मी भावाला प्रश्नांवर प्रश्न विचारत होतो.

हे काडतूस 1935 चं, स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर या दोन कंपन्यांनी मिळून आणलेलं. अमेरिकेत तेव्हा दरोडेखोर मोटारींतून पळत आणि पोलिसांच्या गोळ्यांना त्या मोटारींचा पत्रा दाद देत नसे. जुन्या 38 स्पेशलच्याच व्यासाच्या गोळीमागे दारूचा दाब जवळजवळ दुप्पट केला आणि तिला मॅग्नम म्हटलं. शब्द लॅटिन, अर्थ मोठं. शॅम्पेनच्या दीड लिटरच्या मोठ्या बाटलीचं ते नाव. 1955 साली 44 मॅग्नम आलं ते याच वाटेने.

3. एका पिशवीतल्या काडतुसांवर दोन हत्यारं चालणं ही मोठी सोय आहे, आणि ती शोधणाऱ्याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

दुसऱ्या दिवशी भावाने लिव्हरची रायफल काढली. घोड्याखाली लोखंडी कडं असतं. ते खाली ढकललं की रिकामं काडतूस बाहेर उडतं, वर ओढलं की नवं चढतं. भरायला त्याने कालचंच खोकं घेतलं. रिव्हॉल्व्हरची काडतुसं रायफलीत! ही युक्ती मॅग्नमपेक्षा खूप जुनी. विंचेस्टरची 1873 ची लिव्हर रायफल 44-40 काडतुसावर चाले. 1878 मध्ये कोल्टने त्याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर काढलं, आणि घोड्यावरून गुरं वळणाऱ्या माणसाला दोन प्रकारची काडतुसं बाळगायची गरज उरली नाही.

नळीच्या लांबीने काय होतं तेही त्या दिवशी नीट समजलं. चार इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरमधून 357 ची गोळी सेकंदाला पावणेचारशे मीटरच्या आसपास वेगाने निघते. तीच गोळी अठरा इंची रायफलीतून साडेपाचशेच्या आसपास जाते, कारण पेटलेल्या दारूला तिला ढकलायला जास्त वाव मिळतो. वेग दीडपट झाला की मारा दुपटीच्या वर जातो. आणि एवढं असून खांद्याला धक्का इतका मऊ की माझी साठीची वहिनीही सहज नेम धरत होती.

भावाने गोळ्यांची चपटी नाकंही दाखवली. या रायफलीत काडतुसं नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक आडवी बसतात, म्हणजे मागच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडावर, नेमकं टोपीवर टेकतं. तिथे टोकदार गोळी भरली तर धक्क्याने नळकांड्यातच बार उडण्याचा धोका असतो. म्हणून चपटं नाक.

4. काडतूस बंदुकीत बसलं म्हणजे ते त्या बंदुकीचं झालं असं नाही. माझ्या साऱ्या वेडातून मिळालेलं शहाणपण एवढ्या वाक्यात आहे, म्हणून इथे थोडा थांबतो.

ह्यूस्टनला भावाने 38 आणि 357 ही दोन्ही काडतुसं तळहातावर शेजारी उभी करून दाखवली होती. 38 ची पुंगळी 29.3 मिलिमीटरची, 357 ची 32.8 ची. ‘‘मुद्दाम लांब केली आहे,’’ तो म्हणाला. ‘‘38 चं काडतूस मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरात चालतं, पण मॅग्नमचं काडतूस 38 च्या रिव्हॉल्व्हरात पुरतं शिरतच नाही.’’ जुनं रिव्हॉल्व्हर दुप्पट दाबाने फुटू नये म्हणून पितळच साडेतीन मिलिमीटर वाढवलेलं. मी ते ऐकलं, आवडलं, आणि ते रिव्हॉल्व्हरवाल्यांचं आहे असं समजून सोडून दिलं.

गावी परतल्यावर डोक्यात जोरदार काडतूसच होतं. आपल्या बारा बोअरलाही मॅग्नम असतं, 76 मिलिमीटरचं, एवढं वाचलं होतं. ते मिळालं नाही. एका दुकानदाराने 70 मिलिमीटरची दिली, ‘‘ही जोरात जातात’’ म्हणून. बंदूक कोणती, किती जुनी, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. घरी येऊन एक भरून पाहिलं. अगदी अलगद बसलं, बंदूक नेहमीसारखी बंद झाली.

आश्विनात नाचणीत डुकरं उतरली त्या रात्री मी हवेत बार काढला. खांदा मागे फेकला गेला. बंदूक उघडली तर पुंगळी अडकलेली. ओढून काढली, तर तिचं तोंड चिंध्या झाल्यासारखं फाटलेलं. मी दुसरा बारही काढला. तोही तसाच. तिसरा मात्र भरला नाही.

कोल्हापुरात एका म्हाताऱ्या बंदूकसाजाने नळी उतरवून खालच्या अंगाचा कोरीव आकडा भिंगाखाली दाखवला: अडीच इंच. म्हणजे माझ्या बंदुकीचं घर 65 मिलिमीटरच्या काडतुसाचं. छऱ्यांच्या काडतुसाची लांबी मोजतात ती बार उडून तोंड उलगडल्यावरची. न उडवलेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं, म्हणून 70 चं काडतूस 65 च्या घरात निमूट बसतं. बार उडाला की तोंड उलगडतं, पुढे नळी जिथे अरुंद होते त्या गळ्यात शिरतं आणि वाट आवळतं. छरे आणि बूच त्या आवळलेल्या वाटेतून जातात, मागे दाब चढतो. दोन बारांत माझी जुनी नळी टिकली. बंदूकसाजाने तपासून सांगितलं की तडा गेलेला नाही, पण असं दहा वेळा केलं असतं तर आपण शब्द देऊ शकलो नसतो.

357 च्या माणसांनी चूक करायला जागाच ठेवली नव्हती. बारा बोअरमध्ये ती जागा उघडी आहे, आणि ती बंद करायचं काम बंदूक बाळगणाऱ्याच्या डोळ्यांवर आहे. आता मी 65 चीच काडतुसं आणतो. घरी खोक्यातलं प्रत्येक काडतूस हातात घेऊन त्यावरचा आकडा वाचतो, मगच परवान्याच्या कागदाशेजारी ठेवतो.

5. आपला पाऊस काडतुसाला सोसत नाही. आजोबांच्या वेळची कागदी काडतुसं श्रावणात फुगत आणि नळीत जातच नसत. प्लॅस्टिकची फुगत नाहीत, पण पितळी बूड हिरवं पडतं. हिरवं पडलेलं काडतूस मी वापरत नाही. नळीला खोबरेल लावू नये, ते सुकून चिकटतं आणि मग त्यावरच ओल धरते. बंदुकीचंच तेल लावावं. निवडणुकीला बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याआधी तर दुबार.

6. जोरदार काडतुसाची शेताला गरज नाही.

हे मान्य करायला मला वेळ लागला. रानडुक्कर एका रात्रीत कुळथाचा अर्धा तुकडा नांगरल्यासारखा करून ठेवतं. सकाळी ते बघताना हात शिवशिवतात, हे मी नाकारणार नाही. पण 1972 च्या वन्यजीव कायद्याने डुक्कर संरक्षित आहे, आणि वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून त्याच्यावर गोळी घालणं हा गुन्हा आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी नाव घेऊन सांगितली आहे ती ठासणीची बंदूक. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांच्याही मनात शेतकऱ्याच्या हाती एक आवाजाचा बार होता. आमच्या घरची बंदूक तेवढंच करते. बार झाला की डुकरं ओढ्याकडे पळतात, शेजारच्या वाडीतले राखणीचे गडी हाळी देतात, आणि रात्र निभते. त्याला 65 मिलिमीटरचं हलकं काडतूस पुरून उरतं.

मॅग्नमवरचं माझं प्रेम यामुळे कमी झालेलं नाही. ते रेंजवरचं काडतूस आहे, आणि संधी मिळेल तेव्हा मी पुन्हा ह्यूस्टनला जाऊन त्या लिव्हरच्या रायफलीवर खोकंभर काडतुसं उडवणार आहे.

7. झाडीत हललं ते डुक्करच, असं कधीही धरू नये. रात्री काजूच्या बुंध्याशी शेजारीही उभा असतो, लाकडं शोधणारी बाईही. कोकणात अशा चुकीने माणसं गेली आहेत. बॅटरीच्या उजेडात पूर्ण दिसेपर्यंत माझं बोट घोड्याबाहेर असतं, नळी आभाळाकडे. आणि घरात लग्न असो, शिमगा असो, आनंदाचा बार काढायचा नाही. 2019 च्या दुरुस्तीने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही ठेवलं आहे.

8. सावर्डे, चिपळूण, संगमेश्वर, गुहागर या पट्ट्यात आजोबा-पणजोबांच्या विलायती बंदुका अजून अनेक घरांत आहेत. ज्यांच्याकडे असेल त्यांना माझी विनंती आहे. या दिवाळीआधी नळी उतरवा, खालच्या अंगाला कोरलेला आकडा भिंगाने वाचा, आणि कपाटातल्या काडतुसांवरचा आकडा त्याच्याशेजारी धरून बघा. जुळत नसेल, किंवा वाचताच येत नसेल, तर बंदूक परवानाधारक बंदूकसाजाकडे न्या. तोवर बार भरू नका.