खाकी वेशातील पत्र

बेंगळुरूच्या वायव्येस पीण्या हे विस्तीर्ण औद्योगिक क्षेत्र आहे. तेथे यंत्रांचे सुटे भाग, विजेची उपकरणे, तयार कपडे बनवणारे असंख्य लहानमोठे कारखाने आहेत. बेळगाव किंवा सोलापूरकडून पोटासाठी अशा ठिकाणी आलेल्या मराठी माणसाच्या कानी दिवसभर कन्नड, हिंदी, तमिळ, तेलुगू पडते. पाळी संपवून तो खोलीवर परततो, तेव्हा त्याची मातृभाषा त्याला भेटते ती बहुधा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर. त्या पडद्यावर जवळजवळ दहा वर्षे गाजलेला मराठी कार्यक्रम म्हणजे झी मराठी वाहिनीवरील ‘चला हवा येऊ द्या’.

ऑगस्ट २०१४ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला. लेखन, दिग्दर्शन आणि सूत्रसंचालन या तिन्ही जबाबदाऱ्या डॉ. निलेश साबळे यांच्याकडे होत्या. ‘थुकरटवाडी’ हे काल्पनिक गाव, तेथे आलेले नाटक-चित्रपटांतील पाहुणे आणि त्यांच्यापुढे सादर होणारी प्रहसने असे त्याचे रूप होते. भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, सागर कारंडे, भारत गणेशपुरे ही मंडळी पाहुण्यांच्याच चित्रपटाची त्यांच्यासमोर खिल्ली उडवत. गणेशपुरे यांच्या तोंडची वऱ्हाडी या कार्यक्रमाने घरोघरी पोहोचवली, हे त्याचे लहान योगदान नव्हे.

प्रहसनाची ही रीत मराठीला नवी नाही. तमाशात गण-गवळणीनंतर बतावणी येते. तिच्यात सोंगाड्या ज्या गावी फड लागला असेल, तेथील घडामोडी जागच्या जागी संवादात गुंफतो. समोरचा प्रेक्षक हसला नाही, तर तो पुढचे वाक्य बदलतो. दूरचित्रवाणीवर ही मुभा फारशी नसते. अमेरिकेत ११ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेला ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ हा कार्यक्रम न्यूयॉर्कहून शनिवारी रात्री थेट प्रक्षेपित होतो. त्याच दिवशी संध्याकाळी प्रेक्षकांसमोर त्याची रंगीत तालीम होते आणि जी प्रहसने रंगत नाहीत, ती गाळली जातात. आपला कार्यक्रम आधी ध्वनिचित्रमुद्रित होत असे. चुकलेले कापता येत असे. परंतु समोर बसलेल्या माणसांचे हसू मागून घेता येत नसे. नट त्या हसण्यासाठी क्षणभर थांबतो आणि ते ओसरण्याच्या आत पुढचे वाक्य टाकतो. हा थांबा संहितेत लिहिता येत नाही.

दर आठवड्याला नवे हास्य निर्माण करायचे म्हणजे पुनरावृत्ती आलीच. पुरुषांनी साड्या नेसून केलेले विनोद आणि माणसाच्या रंगरूपावरील कोट्या यांवर टीका झाली. ती सर्वस्वी अनाठायी होती असे म्हणता येत नाही.

तथापि या कार्यक्रमाचा सर्वांत वेगळा भाग हसण्याचा नव्हताच. प्रहसने आटोपली, की खाकी वेशातील पोस्टमन खांद्याला पिशवी अडकवून येई आणि एक पत्र वाचून दाखवी. ही भूमिका सागर कारंडे करीत. पुणेरी बाईच्या सोंगात ज्यांनी प्रेक्षकांना लोटपोट केले, तेच नट आता संथ स्वरात वाचू लागत आणि सभागृह स्तब्ध होई. ही पत्रे अरविंद जगताप यांनी लिहिली. पुढे ती ‘पत्रास कारण की’ या नावाने पुस्तकरूपात आली. दुष्काळ, शेतकऱ्याची विवंचना, सैनिकाचे घर हे त्यांचे विषय. मोठ्या शब्दांचा सोस नाही. गावाकडचा माणूस ओट्यावर बसून बोलतो, तशी छोटी वाक्ये. पाहुणे डोळे पुसताना दिसत.

याला एक योगायोगही आहे. भारतातील तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. घरगुती पत्रे त्याआधीच भ्रमणध्वनीमुळे विरळ झाली होती. ‘साष्टांग नमस्कार, वि. वि.’ असे लिहिणारे हात थांबले होते. अशा काळात, तार बंद झाल्यावर जेमतेम वर्षभराने सुरू झालेल्या एका विनोदी कार्यक्रमाने पोस्टमनला पुन्हा दाराशी आणले. फोनवर माणूस ‘सगळे ठीक आहे’ म्हणून मोकळा होतो. पत्रात मात्र त्याला ‘ठीक’ म्हणजे काय, हे लिहावे लागते. बापाने कर्जाविषयी आणि मुलाने एकटेपणाविषयी जे बोलायचे टाळले, ते या पत्रांतून दुसऱ्याच कोणाच्या नावाने ऐकू येत असे. प्रहसनांनी सैल झालेले मन ते ऐकायला तयार असे. म्हणूनच पत्राची जागा प्रहसनांनंतर होती.

मार्च २०२४ मध्ये कार्यक्रमाने निरोप घेतला. २०२५ मध्ये अभिजीत खांडकेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली त्याचे नवे पर्व सुरू झाले.

स्वाध्याय : पीण्यातील कारखान्यात काम करणाऱ्या मुलाला गावाकडून पत्र आले आहे, अशी कल्पना करा. ते आईने सांगितले असून शेजारच्या मुलीने लिहून घेतले आहे. पंधरा ओळींत ते पत्र लिहा. फोनवर आई जे कधीच सांगत नाही, अशी एक तरी गोष्ट त्यात आली पाहिजे.