कुठलीही पदवी चालते, पण कुठे?

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा आणि आसपासच्या वाड्यांतली बारावी सायन्सची मुलं निकालानंतर आरोग्य उपकेंद्रावर येतात, तेव्हा प्रश्न ठरलेला असतो. "सर, नीटला मार्क कमी पडले. डॉक्टर नाही होता येणार, पण दवाखान्यातच काम करायचंय. आता बी.एस्सी.ला नाव घालू का?" मी सीएचओ आहे, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. बीपी-शुगर तपासणं, तिशी ओलांडलेल्यांचे आजारांच्या धोक्याचे सीबॅक फॉर्म पाहून पुढची तपासणी करणं, साधी औषधं देणं, अडलं की ई-संजीवनीवर डॉक्टरांना जोडून घेणं आणि जे आपल्या हातातलं नाही ते वेळेत मुरबाडला किंवा उल्हासनगरला धाडणं, हे माझं काम. या खुर्चीवर बसायला मला दोन पदव्या घ्याव्या लागल्या. पहिलीचा पात्रतेच्या रकान्यात काडीचाही उपयोग झाला नाही. म्हणून मुलांना मी आधी बसवतो, चहा सांगतो आणि मग उत्तर देतो.

माझी पहिली पदवी प्राणिशास्त्राची. ती निवडायचं कारण प्राण्यांची आवड हे नव्हतं. कॉलेज घरून जाऊन-येऊन करण्यासारखं होतं, फी परवडत होती आणि सकाळी जीप मिळत होती. वडील म्हणाले, "घरचं खाऊन शिकता येतंय ना, मग तेच घे." त्यात चूक काहीच नव्हतं. आमच्या भागात पदवीचा विषय अजूनही बऱ्याचदा एसटीचं वेळापत्रक ठरवतं.

त्यात भर पडली अमेरिकेची. बदलापूरच्या एका मित्राची बहीण लग्न होऊन न्यू जर्सीला गेली होती. तिच्या नणंदेची मुलगी मानसशास्त्रात पदवी घेऊन तिथे फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली रुग्ण पाहणारी, झाली, ही बातमी आमच्यापर्यंत पोचली. पाठोपाठ व्हिडिओ पाहिले. सगळ्यांत एकच सल्ला होता: विषय कुठलाही घ्या, आवडीचा घ्या, मार्क चांगले ठेवा. मला तो फार पटला, कारण तो माझ्या सोयीचा होता.

सल्ला खोटा नव्हता, तो तिथला होता. अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट हे शिक्षण पदवीनंतरचं आहे. 1965 साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात रुग्णसेवा केलेल्या माणसांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला. डॉक्टर कमी होते आणि रुग्ण हाताळायची सवय असलेली माणसं रिकामी बसली होती, असा तो हिशेब. पुढे त्याचा साधारण सव्वादोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम झाला. बहुतेक ठिकाणी पदवी कशात आहे यापेक्षा ठरावीक विषय झालेत का, हे पाहतात: जीवशास्त्र, रसायनशास्त्र, शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र. शिवाय रुग्णांबरोबर प्रत्यक्ष काम केल्याचे शेकडो, कधी हजाराच्या वर तास मागतात. म्हणजे ती मानसशास्त्रवाली मुलगीसुद्धा नुसत्या मानसशास्त्रावर आत गेली नव्हती. रसायनशास्त्राचे आणि शरीरशास्त्राचे वर्ग तिने वेगळे केले होते, सुट्ट्यांत वृद्धाश्रमात रुग्णांची शुश्रूषा केली होती. आमच्यापर्यंत फक्त 'कुठलीही पदवी' एवढंच पोचलं.

आपल्याकडे गाडी उलट्या दिशेने धावते. भारतात फिजिशियन असिस्टंटचं शिक्षण 1992 मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने सुरू झालं. हृदयशस्त्रक्रियेच्या विभागात डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारी प्रशिक्षित माणसं हवी होती. आज आपल्याकडे ही पदवी म्हणजे बारावीनंतरचीच बी.एस्सी. असते, इंटर्नशिप धरून साधारण चार वर्षांची. म्हणजे अमेरिकेत जी पायरी पदवीनंतर येते, ती इथे पदवीच्या जागीच आहे. आधी तीन वर्षं प्राणिशास्त्र करून मग तिकडे वळायचं म्हटलं, तर पुन्हा पहिल्या वर्षात बसावं लागतं. हे मला तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कळलं.

त्याच सुमारास सीएचओच्या जाहिराती येऊ लागल्या. 2018 मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं करायचं ठरलं. पुढे त्यांनाच आयुष्मान आरोग्य मंदिर असं नाव मिळालं. सपाटीवर साधारण 5,000 लोकसंख्येला एक आणि आदिवासी-डोंगराळ भागात 3,000 ला एक उपकेंद्र, हा जुना नियम. तिथे आधी सिस्टर आणि आरोग्यसेवक असायचे, आता त्यांच्याबरोबर एक सीएचओ आला. डॉक्टर आणि परिचारिका यांच्या मधलं हे पद. अमेरिकेतल्या त्या असिस्टंटच्या कामाचं आपल्या मातीतलं सगळ्यात जवळचं रूप मला हेच वाटतं, फरक इतकाच की इथे डॉक्टर शेजारच्या खोलीत नसून मोबाइलच्या पडद्यावर असतो. जाहिरात वाचून मी हरखलो. पात्रता वाचली: बीएएमएस, बीयूएमएस किंवा बी.एस्सी. नर्सिंग, आणि वर सहा महिन्यांचं सामुदायिक आरोग्याचं प्रशिक्षण. प्राणिशास्त्राचं नाव कुठेच नव्हतं. आमच्या वर्गातल्या एकानेही तोवर ती ओळ वाचली नव्हती, आणि शिकवणाऱ्यांनीही कधी दाखवली नव्हती.

मग आला पत्रकाचा रस्ता. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. बैलांचा बाजार, घोंगड्या, पाळणे, आणि हल्ली कोर्सचे फलक आणि पत्रकंही. 'पदवीधरांसाठी एका वर्षात फिजिशियन असिस्टंट, 100 टक्के नोकरी.' त्याच बाजारात माझे काका बैल घ्यायला आले होते. दात पाहिले, चालवून पाहिला, पाठीवर हात फिरवला, तीन माणसांना विचारलं आणि तरीही त्या दिवशी बैल घेतला नाही. माझ्या कोर्सचे पैसे मात्र पुढच्याच आठवड्यात भरले गेले. भात विकून आलेले आणि आत्याकडून उसने घेतलेले. वर्षाअखेर सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळालं. त्यावर दिल्लीतल्या कुठल्याशा 'कौन्सिल'चं भारदस्त नाव होतं. ठाण्याच्या एका रुग्णालयात ते पुढे केलं, तेव्हा समोरच्या बाईंनी दोनच प्रश्न विचारले. विद्यापीठ कोणतं? नोंदणी कुठे? दोन्हींचं उत्तर नव्हतं. संस्थेने पैसे परत दिले नाहीत आणि मागून काही होईल असं वाटेना.

त्यानंतर मी प्रवेशपरीक्षा देऊन बी.एस्सी. नर्सिंग केलं. हा निर्णय घरी सांगणं अवघड गेलं. "पोरगा सिस्टर होणार का?" हे चेष्टेत म्हटलं गेलं, पण त्यात अर्धं खरंच होतं. माझ्या ओळखीतल्या किमान अर्ध्या मुलग्यांनी केवळ या एका वाक्याला घाबरून नर्सिंगचा अर्ज भरला नाही आणि ते आज एमआयडीसीत कंत्राटावर आहेत. मुलग्यांना काही ठिकाणी जागा कमी असतात हे खरं. पण दवाखान्यात काम करायचं आहे आणि डॉक्टर होता येत नाही, अशा मुलाला आज महाराष्ट्रात नर्सिंगइतकी दारं उघडणारी दुसरी पदवी मला दिसत नाही. चार वर्षं. पहिल्या वर्षापासून वॉर्ड. रात्रपाळीत एका म्हातारबाबांना उताणं झोपवायचं की कुशीवर, हे ठरवताना जे शिकलो ते प्राणिशास्त्राच्या जर्नलमध्ये नव्हतं. तरी प्राणिशास्त्र अगदी फुकट गेलं असंही नाही. शरीरक्रियेचा पेपर मला सोपा गेला, आणि साप चावल्यावर कोणत्या विषाचा परिणाम कुठे होतो हे वाडीत समजावून सांगताना तेच उपयोगी पडतं.

तर आता सल्ला. पदवी बारावीकडून पुढे पाहून निवडू नका, नोकरीकडून मागे पाहून निवडा. जे पद हवं आहे त्याची गेल्या दोन-तीन वर्षांची जाहिरात काढा आणि शैक्षणिक पात्रतेची ओळ स्वतः वाचा. जिल्हा परिषद, राष्ट्रीय आरोग्य अभियान, महापालिका, कुठलीही. लॅबमध्ये जायचं असेल तर ती ओळ वेगळी असेल, औषध निर्माता व्हायचं तर वेगळी, एक्स-रे तंत्रज्ञ व्हायचं तर आणखी वेगळी. 'पॅरामेडिकल' नावाची एकच नोकरी कुठेही नसते. बीपीएमटी हा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पॅरामेडिकल तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम आहे, तीन वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. त्यातही प्रयोगशाळा, शस्त्रक्रियागृह, रक्तपेढी अशा वेगळ्या शाखा असतात. शाखा ठरली की नोकरीही जवळजवळ ठरते.

दुसरं, पदवी कोण देतं ते पाहा. 2021 मध्ये केंद्राने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, आणि फिजिशियन असोसिएट किंवा असिस्टंट हा व्यवसाय त्या कायद्याच्या अनुसूचीत आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत आरोग्यसेवा व्यावसायिकाची पदवी म्हणजे किमान 3,600 तासांचं, तीन ते सहा वर्षांत पसरलेलं शिक्षण. शनिवार-रविवारच्या वर्गांत हे तास बसवून दाखवा, असं त्या पत्रकवाल्यांना विचारलं तरी पुरे. घरबसल्या शिकायचा मोह असेल तर तोही सोडा. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र यांसारखे या कायद्याच्या कक्षेतले अभ्यासक्रम दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन चालवायला यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली आहे.

पद नवीन असेल तर त्याच्या मागे कायदा आहे की नुसती योजना, हेही विचारा. आसामात 2004 च्या कायद्याने ग्रामीण आरोग्यासाठी तीन वर्षांची पदविका सुरू झाली, मुलं शिकून गावोगावी रुजू झाली, आणि जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द ठरवला. राज्याने मधल्या काळात दुसरा कायदा करून त्यांना सामावून घेतलं होतं, म्हणून निभावलं. माझी नोकरीही करारावरची आहे: दरमहा 25,000 मानधन आणि कामावर आधारित 15,000 पर्यंत मोबदला, असं जाहिरातीत होतं. हातात नेमकं किती येतं ते महिन्यागणिक बदलतं. करार उद्या संपला तरी नर्सिंगची नोंदणी माझ्याजवळ राहते. पद जाऊ शकतं, पदवी स्वतःच्या पायावर उभी राहणारी असावी, हा हिशेब मी आता प्रत्येक मुलापुढे मांडतो.

ज्यांची बी.एस्सी. आधीच झाली आहे त्यांनी हातपाय गाळू नयेत. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालय व्यवस्थापन अशा पदव्युत्तर अभ्यासक्रमांना बऱ्याच ठिकाणी खरोखरच कुठलाही पदवीधर अर्ज करू शकतो. रसायन किंवा जीवशास्त्र घेऊन पदवी झाली असेल तर डीएमएलटी, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, हा रास्त रस्ता आहे, फक्त संस्था मान्यताप्राप्त आहे का हे महाराष्ट्र परावैद्यक परिषदेकडे आधी तपासा.

परदेशाचं स्वप्न असणाऱ्यांसाठी एकच गोष्ट, कारण एजंट ती सांगत नाहीत. अमेरिकेत फिजिशियन असिस्टंटची परवाना परीक्षा द्यायला तिथल्याच मान्यताप्राप्त संस्थेतून शिक्षण झालेलं असावं लागतं. भारतात घेतलेल्या फिजिशियन असिस्टंटच्या पदवीवर त्या परीक्षेला बसता येत नाही. 'इथे करा आणि थेट तिकडे जा' असं जो सांगेल, त्याला चहासुद्धा पाजू नका.

आणि कागदपत्रं. ठाकूर, महादेव कोळी, कातकरी मुलांनो, जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करा. प्रवेशाच्या वेळी ठाण्याच्या पडताळणी समितीकडे धावपळ करणाऱ्या मुलांच्या जागा जाताना मी पाहिल्या आहेत. बाकीच्यांनी अधिवास आणि नॉन-क्रिमीलेअर तयार ठेवा. नर्सिंगच्या सीईटीची तारीख सीईटी सेलच्या संकेतस्थळावर येते, ती बारावीच्या निकालाची वाट पाहत नाही.

यंदा बारावीला असलेल्यांनी लसीकरणाचा दिवस सोडून कधीही दुपारी उपकेंद्रावर या. येताना दहावी-बारावीची गुणपत्रिका आणा, ज्या नोकरीवर मन बसलं आहे तिच्या जाहिरातीची प्रत आणा, आणि जमलं तर आई किंवा वडिलांनाही बरोबर आणा. फी भरायच्या आधी या, भरल्यानंतर आलात तर माझ्या हातात फारसं काही उरत नाही.