अखेरची दंतचक्रे: जोर आणि वेग

जबलपूर येथील वाहन कारखाना १९६९ साली स्थापन झाला. ‘जोंगा’ ही लष्करी मोटार तेथे तयार होत असे. मोटारीच्या एंजिनाची गती आसावरील दंतचक्रांच्या अखेरच्या जोडीतून चाकांना मिळते. यांतील लहान चक्रास पिनियन व मोठ्यास क्राउन म्हणतात.

समजा, पिनियनला १० व क्राउनला ४१ दाते आहेत. चाकांच्या एका फेऱ्यास पिनियनचे ४.१ फेरे लागतील. त्याऐवजी ९ व ४१ दात्यांची जोडी बसविल्यास हे प्रमाण सुमारे ४.५६ होते. चाके फिरविणारा जोर एक-नवमांशाने वाढतो व चढ सुकर होतो. परंतु एंजिनाच्या त्याच गतीस ताशी ६० किलोमीटर धावणारी मोटार आता ५४ किलोमीटरच धावते. एंजिनाची शक्ती मुळीच वाढत नाही; वेग देऊन जोर घेतला जातो, इतकेच.

जोंगाच्या चारही चाकांना एंजिनाची गती देता येते. म्हणून पुढील व मागील आसांचे प्रमाण सारखेच हवे. एकच आस बदलून चारही चाके जोडल्यास पक्क्या रस्त्यावर ती परस्परांशी झगडतात आणि दंतचक्रे मोडण्याचा धोका संभवतो.