दसऱ्याला घर विकायचंय? आधी उतारा, मग रंग

पितृपक्षात विसार द्यायला सहसा कुणी तयार नसतं आणि दसऱ्याचा मुहूर्त कुणाला चुकवायचा नसतो. त्यामुळे गडहिंग्लजात घर विकणाऱ्याच्या हाती गणपती ते दसरा असा जेमतेम महिना असतो. बहुतेक जण या महिन्यातला पहिला फोन रंगाऱ्याला करतात. तो भावंडांना करावा.

कारण मुंबई-पुण्याची मंडळी गणपतीलाच गावात असतात. वडील जाऊन वर्षं लोटली, घरपट्टी धाकटा भाऊ भरतो आणि मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचं नाव, ही अवस्था आपल्याकडे घरोघरी आहे. घरपट्टीवर नाव लागलं म्हणून घर मालकीचं होत नाही. वारस नोंद आधी करून घ्या. तिच्यात नोटिशीचे 15 दिवस जातात आणि कुणी हरकत घेतली तर दसरा हुकलाच म्हणायचा. लग्न होऊन गेलेल्या बहिणींचीही नावं लागतात. ‘ती काही मागायची नाही’ हे घरात ठीक आहे, गिऱ्हाइकाच्या वकिलाला ते चालत नाही. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. वडिलोपार्जित घराचा हक्क मोबदला न घेता जवळच्या नात्यात सोडला, तर मुद्रांक 500 रुपयांचा. लिहिणावळ आणि वकिलाचे पैसे वेगळे. अर्थात सगळ्यांनी मिळून खरेदीखतावर सह्या करणं हाही मार्ग आहे, आणि मला तो जास्त सरळ वाटतो.

कागद काढायला फारसा खर्च नाही. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो. घर सिटी सर्व्हेत असेल तर मिळकत पत्रिका, वाढीव वस्तीत असेल तर सातबाऱ्यासोबत बिगरशेतीचा आदेश लागतो. तीस वर्षांच्या सर्चची सरकारी फी वर्षाला 25 प्रमाणे 750 रुपये. वकिलाची फी धरून पाच-सात हजारांत काम व्हावं. सर्च खरं तर घेणारा करतो, पण आपणच आधी करून घेतला तर दोष आपल्याला पहिल्यांदा कळतो. बहुतेक वेळा तो दोष म्हणजे एखाद्या पतसंस्थेचा किंवा सोसायटीचा जुना बोजा. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बोजा कमी करायला कुणी गेलेलं नसतं. निल दाखला मिळवून तो उतरवून घ्या. घरपट्टी, पाणीपट्टी आणि महावितरणची बाकी याच फेरीत भरून टाका.

आता घराकडे. आपल्याकडचा पाऊस भिंतीत मुरतो आणि गळतं ते कधीकधी आठवड्यानं दिसतं. ओली भिंत रंगवली तर दिवाळीपर्यंत पोपडे येतात आणि गिऱ्हाईक नेमकं तेव्हाच दुसऱ्यांदा घर बघायला येतं. रंगाआधी एक साधी परीक्षा करा. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर रात्रभर ठेवा. सकाळी भिंतीकडच्या बाजूला दव असेल तर ओल आतून येते आहे, रंगाऱ्याला थांबवा. दव वरच्या बाजूला असेल तर तो हवेतला दमटपणा. ऊन पडलं की जाईल. पायाकडून लोणा चढलेली भिंत नुसती पुट्टी लावून झाकू नका. तिथलं प्लॅस्टर काढून नव्यानं करावं लागतं आणि ते वाळायला वेळ लागतो.

खर्चाचा अंदाज असा: 700 चौरस फुटांच्या घरात भिंती आणि छत मिळून साधारण 2,400 चौरस फूट रंग लागतो. जुन्या रंगावर दोन हात मारले, चौरस फुटाला 12 रुपये धरले, तर 28,800. पुट्टी-प्रायमरसकट 22 रुपये धरले तर 52,800. विकायच्या घराला पहिला प्रकार पुरे, तोही फिकट रंगात. उरलेले पैसे गच्चीच्या गळतीवर आणि दारांच्या चौकटीतल्या वाळवीवर घाला. कौलारू घर असेल तर फुटकी कौलं बदला, कुजलेल्या रिपा काढा. नवं स्वयंपाकघर, नवी फरशी असलं काही करत बसू नका. घेणारा ते स्वतःच्या आवडीनं उखडणार आणि तुमचे पैसे भावात मिळणार नाहीत.

हिरण्यकेशीच्या बाजूचं घर असेल तर 2019 च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं हा प्रश्न येणारच. खरं सांगा. घेणाऱ्याला सहज न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्यानं सांगितला पाहिजे, असं मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदाच म्हणतो.

खरेदीखताचं मुद्रांक शुल्क, वेगळं ठरलं नसेल तर, घेणाऱ्याकडे. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त 30,000 रुपये. मध्यस्थाचा टक्का मात्र घर दाखवण्याआधीच ठरवून घ्या, व्यवहार झाल्यावर तो वाढतो.

करातही मोठी रक्कम जाऊ शकते. घर 24 महिन्यांहून जास्त काळ मालकीचं असेल तर नफ्यावर 12.5 टक्के, किंवा 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेलं असेल तर महागाई निर्देशांक लावून 20 टक्के, यांतला कमी असेल तो कर भरता येतो. दुसरा पर्याय देशात राहणाऱ्यांनाच आहे, आखातातल्या भावाला नाही. 2001 पूर्वीच्या घराची 1 एप्रिल 2001 ची किंमत नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घ्या. समजा ती सहा लाख निघाली आणि घर 40 लाखांना गेलं. पहिल्या रीतीनं कर सव्वाचार लाख. 2025-26 चा निर्देशांक 376 लावला तर दुसऱ्या रीतीनं सुमारे साडेतीन लाख. सेस दोन्हींवर वेगळा. म्हणजे दुसऱ्या रीतीनं पाऊण लाख वाचले.

आणि दसऱ्याचा विसार पाकिटातून घेऊ नका. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. चेक घ्या किंवा खात्यात घ्या, आणि पावतीवर बाकीची रक्कम कधी मिळणार ती तारीख लिहून ठेवा.