कचेरीच्या संगणकाची निगा

बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळ बालाघाटच्या डोंगरात कपिलधार हे स्थान आहे. पावसाळ्यात तेथे कड्यावरून धबधबा कोसळतो. कार्तिकी पौर्णिमेला मन्मथ स्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी दूरदूरच्या गावांहून पायी दिंड्या येतात. अशा डोंगराळ भागातील शाळांत, ग्रामपंचायतींत आणि पतसंस्थांतही आता टेबलावर संगणक दिसतो. त्यात कोणाच्या जन्माची नोंद असते, कोणाच्या घरपट्टीचा हिशेब असतो, तर कोणाचा परीक्षेचा अर्ज असतो.

पूर्वी हे सारे कापडी रुमालात बांधलेल्या दप्तरात असे. वाळवी, ओल आणि आग हे त्या दप्तराचे शत्रू. संगणकातील दप्तराचे शत्रू थोडे निराळे आहेत. त्यांची ओळख असलेला एक तरी माणूस प्रत्येक कचेरीत असावा लागतो. उद्या तुमच्यापैकी कोणी तरी ते काम करील. त्यासाठी पहिले सूत्र पाठ करून ठेवा: संगणक बिघडला तर दुसरा विकत आणता येतो, पण नोंद बाजारात मिळत नाही. म्हणून संगणकाची निगा म्हणजे मुख्यतः नोंदींची निगा होय.

वीज आणि वादळ

आपल्याकडे मृगाच्या आधी वळवाचा पाऊस येतो तो विजांसह. वीज थेट घरावरच पडली पाहिजे असे नाही. ती जवळपास पडली तरी तिच्या झपाट्याने बदलणाऱ्या प्रवाहामुळे तारांमध्ये क्षणभर फार मोठा विद्युत्दाब प्रवर्तित होतो. हा दाब विजेच्या तारेतून येतो, तसा जाळ्याच्या तांब्याच्या तारेतूनही येतो. म्हणून वादळापूर्वी नुसते बटन बंद करणे पुरेसे नाही. विजेचा प्लग आणि जाळ्याची तार दोन्ही काढून ठेवावीत.

पण केव्हा? आवाजाला एक किलोमीटर जाण्यास सुमारे ३ सेकंद लागतात. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ लागला, तर वादळ १० किलोमीटरांच्या आत आले असे समजावे. त्यानंतर प्लगला किंवा तारांना हात लावू नये. यंत्रापेक्षा माणूस मोलाचा आहे.

वीज अचानक गेली तर यूपीएस थोडा वेळ आधार देतो. किती वेळ, त्याचा हिशेब करू. लहान यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट आणि ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. १२ × ७ = ८४ वॅट-तास. संगणक आणि पडदा मिळून १२० वॅट घेत असतील तर कागदावर ४२ मिनिटे येतात. परंतु बॅटरी वेगाने रिकामी केली की ती पुरी क्षमता देत नाही, आणि रूपांतरातही ऊर्जा वाया जाते. प्रत्यक्षात याच्या निम्म्याहूनही कमी वेळ हाती येतो असे धरून चालावे. ही मिनिटे काम पुढे रेटण्यासाठी नसून काम जतन करून यंत्र रीतसर बंद करण्यासाठी आहेत. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसला कधीही जोडू नये. त्यातील तापणारा भाग शेकडो वॅट ओढतो. अर्थिंग नीट आहे की नाही हे वायरमनकडून तपासून घ्यावे.

दिंड्यांसारखी पाकिटे

आता जाळ्याकडे वळू. एका संगणकातून दुसऱ्याकडे निघालेला संदेश अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात. त्यांना पॅकेट, म्हणजे पाकीट, म्हणतात. प्रत्येक पाकिटावर कोठून आले, कोठे जायचे आणि आपला क्रमांक कितवा हे लिहिलेले असते. कपिलधारला येणाऱ्या दिंड्या वेगवेगळ्या रस्त्यांनी निघतात, एक रस्ता बंद असला तर दुसऱ्याने येतात आणि शेवटी एका ठिकाणी जमतात. पाकिटांचेही तसेच आहे. पोहोचल्यावर क्रमांकानुसार ती जुळवली जातात. एखादे हरवले तर तेवढेच पुन्हा मागवले जाते.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लक्ष किलोमीटर जातो. म्हणजे ४०० किलोमीटरांचा तंतू ओलांडायला त्याला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. संदेश उपग्रहामार्फत पाठवला तर त्याला सुमारे ३६,००० किलोमीटर वर आणि तितकेच खाली यावे लागते. ३ लक्ष किलोमीटरांच्या वेगानेही त्याला पाव सेकंद लागतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात जिल्ह्यांची ठिकाणे जोडली ती अशाच उपग्रहाच्या वाटेने.

जाळे बंद पडले की पुष्कळजण सगळ्या तारा एकदम उपटतात. ही रीत चुकीची आहे. विजेरी लागत नसेल तर आपण आधी सेल पाहतो, मग बल्ब, मग बटन. येथेही जवळून दुरकडे जावे. संगणकाच्या तारेपाशी दिवा लुकलुकतो का? राउटरला वीज आहे का? शेजारचा संगणक चालतो का? तो चालत असेल तर दोष आपल्याच यंत्रात वा तारेत आहे. कोणताच चालत नसेल तर दोष राउटरमध्ये किंवा कचेरीबाहेर. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय झाले ते वहीत तारीख-वेळेसह लिहावे. प्रयोगशाळेत आपण याहून वेगळे काय करतो? प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवून ठेवली की निम्मा शोध आधीच संपतो.

किल्ल्यांचे गणित

परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, ही दप्तराची किल्ली. सहा आकड्यांचा पासवर्ड घेतला तर शक्यता १० लक्ष. चोराचे यंत्र सेकंदाला १ कोटी प्रयत्न करते असे समजा. या सगळ्या शक्यता ते सेकंदाच्या दहाव्या भागात तपासील. इंग्रजी वर्णमालेतील आठ लहान अक्षरे घेतली तर शक्यता २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८३ कोटी. त्याला पावणेसहा ते सहा तास पुरतात. आणि बारा अक्षरे घेतली तर? त्याच यंत्राला सुमारे ३०० वर्षे लागतील! अक्षरे दीडपट झाली, पण काम लाखो पटींनी वाढले.

मात्र हे गणित अक्षरे कशीही निवडली असतील तरच खरे. गावाचे नाव, मुलाचे नाव, जन्मवर्ष यांची यादी चोराजवळ तयारच असते. तेव्हा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून लांब पासवर्ड करावा आणि तो पडद्याच्या कडेला चिकटवून ठेवू नये.

दुसरी गोष्ट. संगणकात प्रत्येकाचे खाते वेगळे असावे. नवे सॉफ्टवेअर बसवण्याचा अधिकार असलेले अ‍ॅडमिन खाते रोजच्या टंकलेखनासाठी वापरू नये. तिजोरीची किल्ली कनवटीला लावून कोणी बाजारात हिंडत नाही. कर्मचाऱ्याची बदली झाली तर त्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे.

पत्रावरचे नाव

भारतातील ई-मेलच्या इतिहासात मुंबईला मोठे स्थान आहे. १९८६ साली शिक्षण व संशोधन संस्थांसाठी अर्नेट हा प्रकल्प सुरू झाला. पुढे मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईची आय.आय.टी. यांच्यात दूरध्वनीच्या तारेवरून ई-मेल जाऊ-येऊ लागली. १९८९ मध्ये मुंबईची अमेरिकेशी जोडणी झाली तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट होता. देवनागरीतील २,००० अक्षरांचे एक पान आजच्या पद्धतीने सुमारे ४८,००० बिटांचे होते. ते त्या तारेवरून ५ सेकंदांत गेले असते. पण २० लक्ष बाइटांच्या एका छायाचित्राला सुमारे २८ मिनिटे लागली असती! आज वेग वाढला आहे, तरी उगाच जड चित्रे जोडून पन्नास जणांना पाठवू नयेत, हा शिष्टाचार अजूनही बरा.

ई-मेलच्या ने-आणीचे नियम १९८२ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा जाळे लहान होते आणि पाठवणाऱ्याचे नाव खरे आहे का हे पाहण्याची सोय त्या नियमांत नव्हती. पोस्टाच्या पत्राखाली कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो, तसेच हे. पुढे तपासण्या जोडल्या गेल्या, पण डोळे मिटून विश्वास ठेवण्यासारखी स्थिती नाही. म्हणून नाव न वाचता पत्ता वाचावा, आणि तोही शेवटाकडून. सरकारी पत्ते बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ यांनी संपतात. ‘जीओव्ही डॉट इन डॉट अमुक’ असे दिसले तर त्या पत्त्याचा मालक सरकार नसून ‘अमुक’ आहे. पैसे, पासवर्ड किंवा घाई यांपैकी काही मागितले असेल तर आपल्या वहीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. पत्रातच दिलेल्या क्रमांकावर नव्हे.

प्रती किती आणि कोठे?

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. नोंदींच्या प्रती ठेवाव्यात हे सगळेच सांगतात. पण किती आणि कशा? समजा, एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची संभाव्यता १/२० आहे. दोन डिस्कांवर प्रत असेल तर दोन्ही बिघडण्याची संभाव्यता १/४००, आणि तीन असतील तर १/८,०००. हा गुणाकार करताना आपण एक अट गृहीत धरली. ती म्हणजे एकीच्या बिघाडाचा दुसरीशी संबंध नसणे. ही अट मोडली की काय होते याचे उदाहरण आपल्याच राज्यात घडले.

२७ जून २०१७ रोजी रायगड जिल्ह्यात न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे संगणक ठप्प झाले आणि कंटेनरांची ये-जा विस्कळीत झाली. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचे होते. ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमध्ये हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीतून शिरला आणि कंपनीच्या जाळ्यातून जगभर पसरला. त्याने ज्या खिंडारांचा उपयोग केला ती बुजवणारी सुधारणा मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. शिवाय संगणकांच्या स्मृतीत सापडलेले पासवर्ड वापरूनही तो पुढे गेला.

या कंपनीत जाळ्यावर कोणाला कोणता अधिकार आहे याची यादी सांभाळणारे सुमारे १५० संगणक निरनिराळ्या ठिकाणी होते. प्रत्येकापाशी तीच यादी. १५० प्रती म्हणजे चैनच! पण त्या सर्व एकाच जाळ्याला जोडलेल्या होत्या, आणि एकामागून एक पुसल्या गेल्या. वाचली ती एकच, आफ्रिकेतील घाना देशात. तेथील वीज हल्ल्याआधी गेलेली होती, म्हणून तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता! ती प्रत विमानाने इंग्लंडला नेण्यात आली आणि तिच्या आधारे कंपनीने सुमारे दहा दिवसांत ४५,००० संगणक नव्याने उभे केले.

भारनियमन आपल्या परिचयाचे आहे. येथे त्याने उपकार केला, पण कचेरीने असल्या दैवावर विसंबू नये. आपणच मुद्दाम एक प्रत तोडून ठेवावी. नियम सोपा आहे. प्रती तीन असाव्यात. त्या निदान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि एक दुसऱ्या इमारतीत, कोणत्याही तारेला न जोडलेली असावी. दर आठवड्याला बाहेरची हार्ड डिस्क जोडून प्रत घ्यावी आणि लगेच काढून कुलपात ठेवावी. डिस्क कायम जोडून ठेवली तर संगणकाचा रोग तिलाही जडतो.

प्रत घेतली एवढ्यावर थांबू नये. महिन्यातून एकदा तिच्यातून एखादी जुनी नोंद काढून उघडून पहावी. मराठी कचेऱ्यांत आणखी एक अडचण येते. जुन्या मराठी फाँटांत टाइप केलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून नवा मजकूर युनिकोडमध्येच लिहावा, आणि जुना हळूहळू रूपांतरित करून मूळ कागदाशी ताडून पहावा. आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही.

प्रयोग करून पहा

तीन नाणी घ्या. प्रत्येक नाणे म्हणजे एक प्रत. ‘काटा’ पडला तर ती प्रत नष्ट झाली असे समजा. तिन्ही नाणी स्वतंत्रपणे ४० वेळा उडवा आणि तिन्ही काटे किती वेळा पडतात ते मोजा. उत्तर ५ च्या आसपास येईल. आता एकच नाणे ४० वेळा उडवा आणि त्याचा कौल तिन्ही प्रतींना लागू करा. आता सर्वनाश सुमारे २० वेळा होईल. प्रती तीनच, पण त्या एकमेकींना बांधलेल्या!

नंतर आपल्या शाळेच्या कचेरीत गुरुजींच्या परवानगीने तीन प्रश्न विचारा. निकालपत्रकांच्या प्रती किती आहेत? त्यांपैकी तारेला न जोडलेली कोठे आहे? ती शेवटची उघडून कधी पाहिली? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर त्याच दिवशी कामाला लागा.